'मिश्तो' : एका रोमानियन विशेषणाचं घराणं

डॅन्यूबकाठी

बुखारेस्टमध्ये नोकरीला आलेल्या माणसाच्या कानावर पुस्तकी रोमानियनच्या आधी 'मिश्तो' पडतो. सिनेमा मिश्तो होता, नवे बूट मिश्तो आहेत, डोंगरात जायचा बेत मिश्तो. आपण 'भारी', 'झकास', 'मस्त' जिथे म्हणू तिथे हा चालतो. उच्चारताना जोर शेवटच्या 'तो'वर. शाळेच्या निबंधात कुणी लिहिणार नाही, पण जाहिरातीत, टीव्हीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर सगळीकडे आहे.

हा शब्द आला कुठून, असं इथल्या माणसाला विचारलं की हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते. पूर्वी म्हणे रुबाबदार लोक हातात छडी घेऊन फिरत. जर्मन बोलणारे अशा माणसाला 'मिट श्टोक' म्हणत, म्हणजे 'काठीवाला'. काठी म्हणजे ऐट, ऐट म्हणजे झकास, आणि 'मिट श्टोक'चा झाला 'मिश्तो'. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, काठी मात्र कायम राहते. माझ्या ऑफिसातल्या चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांनी मला ही गोष्ट खात्रीने सांगितली आहे.

ती खरी नाही. इथले शब्दकोश स्वच्छ सांगतात की 'मिश्तो' रोमानी भाषेतून आला. आलेक्सांद्रू ग्राऊर या रोमानियन भाषाशास्त्रज्ञाने १९३४ सालीच रोमानियनमधल्या रोमानी शब्दांवर सविस्तर लिहून ठेवलं आहे. नावांवरून घोटाळा होतो म्हणून आधीच सांगतो. रोमानियन ही लॅटिनपासून निघालेली, इटालियन-फ्रेंचच्या घरातली भाषा. रोमानी ही रोमा लोकांची, म्हणजे ज्यांना जग 'जिप्सी' म्हणत आलं त्यांची भाषा. ती भारतीय आर्य कुळातली, म्हणजे मराठी, हिंदी, पंजाबीच्या नात्यातली. दोन्ही नावांत 'रोम' दिसत असला तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

काठीची गोष्ट का टिकत नाही, ते शब्दातच दिसतं. एक तर शेवटचा 'क' गेला कुठे? शब्दाच्या शेवटी 'ओक' येण्याचं रोमानियनला काहीच वावडं नाही. प्याला उचलताना म्हणतात 'नोरोक', म्हणजे नशीब. खेळाला 'झोक' म्हणतात. ते 'क' शेकडो वर्षं शाबूत आहेत. जर्मन शब्द आला असता तर 'मिश्तोक' राहिला असता.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. रोमानियन विशेषण आपल्या 'चांगला-चांगली-चांगले'सारखं नामाप्रमाणे बदलतं. 'सुंदर'साठी फ्रुमोस, फ्रुमोआसा, फ्रुमोश, फ्रुमोआसे अशी चार रूपं पाठ करावी लागतात. 'मिश्तो' मात्र आपल्या 'छान'सारखा जागचा हलत नाही. पुस्तक मिश्तो, पुस्तकं मिश्तो, मुलगा मिश्तो, मुली मिश्तो. रोमानी भाषेत पाहिलं की याचा उलगडा होतो. तिथे 'चांगला' या अर्थाचं विशेषण 'लाचो' आहे, आणि ते लिंगवचनाप्रमाणे बदलतं. 'मिश्तो' हे तिथे क्रियाविशेषण आहे, म्हणजे 'नीट, चांगलं, ठीक'. कसा आहेस? मिश्तो. पाहुण्याला म्हणतात 'मिश्तो अविलान', बरं झालं आलास. क्रियाविशेषण कशाला बदलेल? रोमानियनने ते उचललं आणि विशेषण म्हणून वापरायला घेतलं, पण न बदलण्याची त्याची सवय तशीच राहिली.

तिसरा पुरावा मला सगळ्यात भक्कम वाटतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या रोमांची बोली ज्यांनी टिपून ठेवली, त्यांच्या याद्यांतही हा शब्द 'चांगलं, ठीक' याच अर्थाने आहे. बुखारेस्टच्या काठीवाल्या बाबूचं कौतुक इंग्लंडच्या माळावर तंबू टाकणाऱ्या माणसाच्या तोंडी कसं जाईल? दोघांकडे शब्द एकाच जुन्या घरातून आला.

आणि ते घर आपल्या ओळखीचं आहे. संस्कृत 'मृष्ट' म्हणजे घासूनपुसून स्वच्छ केलेलं ('मार्जन'मधलाच धातू), त्यावरून चोख, रुचकर, आणि त्याचंच रूप 'मिष्ट'. 'मृष्टान्न' आणि 'मिष्टान्न' दोन्ही संस्कृतात आहेत. हिंदीत त्याचा 'मीठा' झाला. रोमानीत 'मिश्तो'.

धागा काढायचं कारण एवढंच नाही. हा शब्द रोमांचा आहे हे ऐकल्यावर काही लोकांचा चेहरा पडतो, तो मला बघवत नाही. काठीची गोष्ट इतकी तग धरून आहे, ती त्या चेहऱ्यामुळे. शब्द हवा आहे, पण ज्यांचा तो आहे त्यांच्याकडून घेतला असं म्हणायचं नाही. इंग्रजीतही याच भाषेतून गेलेली विशेषणं आहेत. ब्रिटनमधल्या मंडळींनी त्याबद्दल लिहावं.

सदाफुली

फार आवडलं. एक विचारते. आपलं मराठी 'मीठ' याच 'मिष्ट'मधलं का? लहानपणापासून मला कोडं होतं की हिंदीत मीठा म्हणजे गोड आणि आपल्याकडे मीठ म्हणजे खारट, असं कसं.

अनुस्वार

सदाफुलीताई, हो, त्याच घरातलं. मूळ अर्थ 'गोड' नव्हता, 'रुचकर' होता. अन्नाला रुची आणणारा पदार्थ कोणता, यावर हिंदीने गोडाकडे कौल दिला आणि मराठीने खाराकडे. गुजरातीने दोन्ही ठेवले. तिथे 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. रोमानीने चव सोडून दिली आणि फक्त 'चांगलं' एवढाच अर्थ धरला.

धागाकर्त्यांनी घाईत सोडलेला एक मुद्दा जोडतो, कारण 'ऐकायला सारखं वाटतं' यापलीकडचा पुरावा तिथे आहे. संस्कृतातली 'ष्ट', 'ष्ठ', 'स्त' ही जोडाक्षरं प्राकृतात विरघळली आणि आपल्याकडे नुसता 'ठ' किंवा 'त' उरला. रोमानीने ती बऱ्याच शब्दांत धरून ठेवली. आपण ओष्ठाचा ओठ केला, रोमानीत तो 'वुश्त' आहे. काष्ठाची आपली काठी, त्यांचं 'काश्त', म्हणजे लाकूड. हस्ताचा आपला हात, त्यांचा 'वास्त'. याच ओळीत मिष्टचं आपल्याकडे मीठ आणि तिकडे मिश्तो. एखादा शब्द सुटा जुळला तर तो योगायोग असू शकतो, पण एकाच नियमाने इतके शब्द ओळीने उभे राहिले की योगायोग म्हणवत नाही. 'मिश्तो'तला 'श्त' हा जर्मन काठीचा तुकडा नव्हे. आपण हरवलेलं संस्कृतातलं जोडाक्षर त्यांनी युरोपात जपून नेलं आहे.

वाटसरू_९

वाचनखूण साठवली. पुढील लेखनाला शुभेच्छा.

लेस्टरकर

इंग्रजीच्या बाजूने मी लिहितो. इथे इंग्लंडच्या दक्षिणेत 'कुश्टी' म्हणतात, अर्थ तोच, छान, झकास. एरवी तो बाजारातल्या गाडीवाल्यांपुरता राहिला असता, पण १९८१ साली बीबीसीवर सुरू झालेल्या 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या मालिकेतल्या डेल बॉयच्या तोंडी तो आला आणि देशभर झाला. हा इंग्लंडमधल्या रोमांचा शब्द. त्यांच्या बोलीत 'कुश्टो' किंवा 'कुश्टी' म्हणजे चांगला.

गंमत अशी की इंग्रजीत त्याच्या शेजारीच 'कुशी' असं दुसरं विशेषण आहे. कुशी नोकरी म्हणजे आरामाची, अंगाला तोशीस न देणारी. तो रोमानी नाही. तो आपल्या 'खुशी'चा, म्हणजे हिंदुस्तानीतून फौजेत गेलेला आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांनी घरी नेलेला. लोक दोन्ही एकच समजतात. पहिला हजार वर्षं पायी चालत आला, दुसरा बोटीने.

अशाच जोड्या आणखी आहेत. फौजेने 'देखो'वरून 'डेको' नेला, म्हणजे एक नजर टाकणे. रोमा मंडळींचा 'डीक' त्याआधीपासून इथे होता, अर्थ तोच, पाहणे. पाण्याला ते 'पानी' म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा आणि सरहद्दीकडच्या गावांत, 'बॅरी' म्हणतात. बॅरी गाणं, बॅरी पोरगा. हा रोमानी 'बारो', म्हणजे मोठा.

डॅन्यूबकाठी

लेस्टरकर, 'बॅरी' मला माहीत नव्हता, आनंद झाला. इथे रोमानियनमध्ये 'बारोसान' आहे. बडी असामी, पैशाने दांडगा माणूस, त्याचं मूळही हाच 'बारो'. तेव्हा एडिंबराचा झकास आणि बुखारेस्टचा धनदांडगा एकाच शब्दाची पोरं.

पेडण्याचो

आमच्या गोंयात 'बरो' म्हणजे चांगला. 'बरो आसा मरे?' असं रोज विचारतात. हा तोच का?

अनुस्वार

नाही, आणि तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण फसायला इथेच होतं. कोकणी 'बरो' आणि मराठी 'बरा' हे संस्कृत 'वर' (श्रेष्ठ, निवडलेला) यातून आले. रोमानी 'बारो' हा हिंदी 'बड़ा'चा भाऊ. त्यातला 'र' मुळात 'ड' होता. रोमानीत अशा जागी 'ड'चा 'र' होतो. 'रोम' हे त्यांचं स्वतःचं नावही 'डोम' या आपल्याकडच्या जातीच्या नावाशी असंच जोडतात. ऐकायला जवळ आणि नात्याने लांब, असा प्रकार आहे.

लेस्टरकर

'पॉश'बद्दल लिहायचं राहिलं. इकडची काठीची गोष्ट म्हणजे 'पॉश'ची गोष्ट, आणि ती थेट मुंबईशी जोडलेली आहे.

प्रत्येकाने ऐकलेली असते. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात येताना डाव्या बाजूच्या खोल्यांना उन्हाचा त्रास कमी, परतताना उजव्या बाजूच्या. पैसेवाले तशाच खोल्या मागत, आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं मारत. म्हणून पॉश म्हणजे उच्चभ्रू. मुंबईत गाइड लोक बॅलार्ड पियरवर हे सांगतात, मी स्वतः ऐकलं आहे.

असं एकही तिकीट सापडलेलं नाही. आद्याक्षरांची गोष्ट शब्दाच्या बऱ्याच नंतर सांगायला लागले, आणि ऑक्सफर्डच्या कोशाने ती मान्य केलेली नाही. ऐटबाज या अर्थाचं विशेषण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, १९१४च्या आसपास छापील दिसू लागतं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या चोरबाजारी बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा, खरं तर अर्धा पेनी. हा रोमानी 'पाश', म्हणजे अर्धा. अर्ध्या पेनीपासून ऐटीपर्यंतची सगळी वाट कागदावर दाखवता येत नाही, पण बोटीच्या तिकिटापेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे.

सदाफुली

म्हणजे बुखारेस्टला छडी आणि लंडनला बोटीचं तिकीट! दोन्हीकडे गोष्ट श्रीमंत माणसाचीच रचली गेली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

अनुस्वार

सदाफुलीताई, नेमकं बोललात. आणि 'पाश'बद्दल मराठी माणसाने एक ऐकून ठेवावं. संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू, कूस. दोन बाजूंतली एक म्हणजे अर्धा, म्हणून रोमानीत 'पाश' अर्धा. 'पाशे' म्हणजे जवळ. आता आपलं 'माझ्यापाशी', 'दारापाशी' आठवा. तोच पार्श्व.

आडवाट

रोमा म्हणजे आपले बंजारेच ना? असं सगळीकडे वाचलंय. घागरे, आरसे, तांडे, सगळं सारखंच.

अनुस्वार

सर्रास लिहिलं जातं, पण भाषा तसं सांगत नाही. आपल्याकडच्या लमाण-बंजारा समाजाची गोरमाटी बोली राजस्थानीच्या नात्यातली आहे. रोमानीची घडण वेगळी. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये मांडलं की ती मुळात मध्य भारतातल्या बोलींच्या गटातली. तिथून ती वायव्येला सरकली, बराच काळ तिथे राहिली, आणि मग बाहेर पडली. 'ष्ट'सारखी जोडाक्षरं तिच्यात टिकली ती याच वायव्येच्या मुक्कामामुळे, असं ते म्हणतात.

कधी बाहेर पडली याचाही एक सुगावा व्याकरणात आहे. रोमानीत दोनच लिंगं आहेत. जुन्या नपुंसकलिंगी शब्दांची वाटणी तिथे हिंदीसारखीच झालेली दिसते. म्हणजे उत्तरेत नपुंसकलिंग गळून पडलं तेव्हा हे लोक अजून भारतात होते. हे गळणं साधारण इसवी सन १००० च्या सुमाराला पुरं झालं असं धरतात, त्यामुळे त्यांचं निघणं त्याच्या आसपास किंवा नंतर. आपण मराठी लोक आणि गुजराती मंडळी आजही 'ते' सांभाळून आहोत.

नंतरची वाट उसन्या शब्दांवरून कळते. नशिबाला 'बख्त', ते फारसी. घोड्याला 'ग्रास्त', ते आर्मेनियन. रस्त्याला 'द्रोम', ते ग्रीक. आकडे तर नकाशासारखे आहेत. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव इथपर्यंत आपले. मग एफ्ता, ओख्तो, एन्या, म्हणजे सात, आठ, नऊ, हे ग्रीक. मग पुन्हा देश म्हणजे दहा, बिश म्हणजे वीस, शेल म्हणजे शंभर. बायझंटाइन मुलुखात, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्यात, ते पिढ्यानपिढ्या राहिले, त्याची ही खूण.

हे सगळं पहिल्यांदा उजेडात आलं त्याला आता जवळपास अडीचशे वर्षं होतील. योहान र्युडिगर या जर्मन अभ्यासकाने हाले शहरातल्या एका रोमा बाईकडून वाक्यं घेतली, हिंदुस्तानीच्या व्याकरणाशेजारी ठेवली आणि १७८२ साली ते छापलं. तोपर्यंत युरोप त्यांना इजिप्तचे समजत होता. 'जिप्सी' हा शब्दच त्यावरून पडला.

डॅन्यूबकाठी

आकड्यांवरून एक सांगतो. बुखारेस्टमध्ये चौकाचौकांत फुलवाल्या बसतात, त्यातल्या कितीतरी रोमा आहेत, पिढ्यानपिढ्यांचा धंदा. इथे भेट म्हणून फुलं द्यायची तर विषम संख्येत द्यायची. सम संख्या मयताला. ओबोर बाजाराजवळ एक म्हातारी ट्यूलिप बांधत होती आणि शेजारी बसलेल्या नातीला मोजायला शिकवत होती. एकेक देठ त्या पोरीच्या हातात ठेवायची आणि पोरगी म्हणायची, 'येख... दुय... त्रिन... श्तार... पांज.' पाचवर आजीने मूठ मिटली, देठांना ओला कागद गुंडाळला आणि दोरा फिरवून दाताने तोडला. मी तिथे उभा राहून ते सगळं समजत होतो, एक धडाही न घेता. मी तिला म्हटलं, आमच्याकडेही 'पाच' म्हणतात. तिने मला परत म्हणायला लावलं, मग नातीला म्हणाली, ऐक, हा आपलं मोजतो.

इथल्या इतिहासाबद्दलही लिहायला हवं, कारण तो भारतात फारसा माहीत नसतो. रोमानियाच्या भूमीवर रोमा लोक गुलाम होते. बोलण्याच्या ओघातलं 'गुलाम' नव्हे, खरेदी-विक्रीचे गुलाम. १३८५ सालच्या एका दस्तऐवजात वालाखियाच्या (आजच्या दक्षिण रोमानियातल्या राज्याच्या) राजाने तिस्माना मठाला दिलेल्या चाळीस रोमा कुटुंबांची नोंद आहे, आणि या मुलखातली रोमांची ती पहिली नोंद मानतात. म्हणजे कागदावर ते पहिल्यांदा येतात तेच मालमत्ता म्हणून. काही राजाचे, काही मठांचे, काही जमीनदारांचे, असं पुढे साडेचारशेहून जास्त वर्षं चाललं. मोल्दाव्हिया या शेजारच्या राज्यात १८५५ च्या डिसेंबरात आणि वालाखियात १८५६ च्या फेब्रुवारीत शेवटची बंधनं उठली. २० फेब्रुवारी हा आता रोमांच्या मुक्तीचा स्मृतिदिन आहे, पण तो २०११ च्या कायद्याने ठरला.

आता कल्पना करा, मठाच्या आवारात, जमीनदाराच्या स्वयंपाकघरात, लोहाराच्या भट्टीवर हे लोक शतकानुशतकं राबत होते, आणि त्यांची भाषा मालकांच्या कानावर पडत होती. तरी शब्द घेतले गेले ते तुरुंगातल्या आणि गल्लीतल्या बोलीत, दारामागून. ग्राऊर यांनी गोळा केलेले बहुतेक शब्द याच थरातले आहेत.

झाडाखाली

रोमानियनमधली अशी क्रियापदं आहेत का? विशेषणं झाली.

डॅन्यूबकाठी

आहेत, आणि वाचून चकित व्हाल. 'अ चोर्दी' म्हणजे चोरणे. 'अ मार्दी' म्हणजे मारणे. 'अ हाली' म्हणजे खाणे, हादडणे. 'अ पिली' म्हणजे पिणे, दारू ढोसणे. 'अ मांग्ली' म्हणजे मुळात मागणे, पण इथे अर्थ घसरून उचलेगिरीवर आला. सगळी गल्लीतली भाषा, सभ्य बैठकीत वापरू नये अशी.

झाडाखाली

खाल्ला, प्याला, मागितला! 'ल' सुद्धा तसाच आहे की. मराठीशी त्यांचं खास नातं असणार.

अनुस्वार

थांबा. शब्द आपले आहेत, 'ल' मात्र आपला नाही. रोमानियनने ही क्रियापदं रोमानीच्या भूतकाळी रूपांवरून उचलली. खालो, पिलो, मांग्लो, चोर्दो, मार्दो. तिथला 'ल' संस्कृतातल्या 'त'चा झालेला आहे. रोमानीत दोन स्वरांमधल्या 'त'चा 'ल' होतो. शतचं 'शेल', गतचं 'गेलो', मृतचं 'मुलो'. आपल्या गेला-मेला-खाल्लामधला 'ल' प्राकृतातल्या 'इल्ल' या प्रत्ययाचा. दोन वेगळ्या वाटांनी दोघे एकाच उंबऱ्याशी आले. दिसतं इतकं सारखं की रोमा लोकांच्या राष्ट्रगीताचे पहिले दोन शब्द, 'गेलेम, गेलेम', मराठी माणूस भाषांतराशिवाय समजतो. अर्थ 'गेलो, गेलो', मी चालत गेलो. हे गीत १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेत स्वीकारलं गेलं. त्याच परिषदेत झेंडाही मान्य झाला. निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर लाल चक्र.

मराठीशी खरं नातं कुठे आहे तर अभ्यासात. मराठीच्या घडणीवर १९२० मध्ये ग्रंथ लिहिणारे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनीच पुढे रोमा लोकांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. एकाच माणसाने दोन्ही टोकं हाताळली आहेत.

पेडण्याचो

'छावा' पण त्यांच्याकडे आहे म्हणतात?

लेस्टरकर

आहे. 'छावो' म्हणजे मुलगा, पोरगा. इंग्रजीत त्याचं 'चॅव' झालं असं मानतात, आणि तिथे तो गरीब वस्तीतल्या भडक कपड्यांच्या पोरांना हिणवायला वापरतात. आपल्याकडे छावा म्हटलं की सिंहाचं पिल्लू डोळ्यांपुढे येतं. त्याच शब्दाची इंग्लंडमध्ये शिवी व्हावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. सगळे शब्द असे नासले नाहीत. 'पाल', म्हणजे दोस्त, हा इंग्रजीत इतका मुरला आहे की तो परका आहे हे कुणाला माहीतही नसतं. रोमानी 'फ्राल', भाऊ. म्हणजे आपला भ्राता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहे. त्याच्या दीडशे वर्षं आधी, १५३० साली, आठव्या हेन्रीच्या कायद्याने या लोकांना देशातून निघून जायला फर्मावलं होतं. माणसांना हाकलत राहिले आणि मित्रासाठी शब्द त्यांचाच घेतला.

आडवाट

अनुस्वार, बंजाऱ्यांबद्दलचं पटलं. भाऊ 'फ्राल' आणि घर? 'घ', 'भ' त्यांच्याकडे नाहीतच का?

अनुस्वार

नाहीत. घ, ध, भ यांचा श्वास टिकला पण घोष गेला. घराचं 'खेर', भूमीचं 'फुव', बहिणीचं 'फेन', दुधाचं 'थुद'. 'थुद' ऐकताना आधी कळत नाही, पण दुधातल्या 'ध'चा श्वास सुरुवातीच्या 'द'वर सरकवून बघा.

मोगराबाग

माझी भाची यंदा रोमानियातल्या क्लुजला वैद्यकीय शिक्षणासाठी जात आहे. तिला हा धागा पाठवला. 'मिश्तो' तिने कुठे वापरावा आणि कुठे नाही, ते सांगाल का? आणि रोमा लोकांशी बोलताना काय जपायचं?

डॅन्यूबकाठी

मोगराबाग, अवश्य. वर्गातल्या मुलांमध्ये, कॅन्टीनमध्ये, घरमालकीण जरा तरुण असेल तर तिच्याशी, बिनधास्त वापरावा. प्राध्यापकांसमोर, तोंडी परीक्षेत, रुग्णाशी बोलताना 'फ्रुमोस' किंवा 'बुन' म्हणावं. रुग्णाला 'तुमचा रिपोर्ट मिश्तो आहे' असं म्हटलं तर तो उखडेल.

एक अर्थ मात्र तिला माहीत हवा. 'मिश्तो' नाम म्हणूनही येतो आणि तेव्हा तो टिंगल होतो. 'अ फाचे मिश्तो दे चिनेवा' म्हणजे कुणाची तरी थट्टा करणे, 'अ लुआ ला मिश्तो' म्हणजे फिरकी घेणे, आणि सतत असं करणाऱ्याला 'मिश्तोकार' म्हणतात. पहिल्या वर्षाला परदेशी मुलांच्या उच्चारांवर मिश्तो होतोच, बहुतेक वेळा प्रेमाने. वाक्यात आधी 'ला' आला किंवा 'दे' मागे लागला की समजावं, कौतुक नाही, थट्टा चालली आहे.

रोमांबद्दल दोन गोष्टी. 'त्सिगान' हा शब्द तिला रोज ऐकू येईल, अगदी सभ्य माणसांकडूनही. तिने तो वापरू नये. 'रोम' म्हणावं, अनेकवचन 'रोमी'. २०२१ च्या जनगणनेत साडेपाच लाखांहून जास्त लोकांनी स्वतःची नोंद रोमा म्हणून केली, आणि भीतीपोटी नोंद न करणारे वेगळे. तिच्या रुग्णालयात ते येणारच. त्यातल्या सगळ्यांना रोमानी येत नाही, अनेक घरांत आता फक्त रोमानियन किंवा हंगेरियन बोलतात, त्यामुळे आपणहून परीक्षा घेतल्यासारखं बोलू नये. पण एखाद्या आजीच्या तोंडून 'पानी' ऐकू आलं तर तिने दुभाष्याची वाट न बघता पेला भरून द्यावा.

क्लुजमध्ये आमच्या ओळखीची दोन मराठी घरं आहेत. भाचीला व्यक्तिगत निरोप करायला सांगा, नंबर देतो.